लिफ्ट केलेल्या थारसाठी नवे अप्पर आर्म : अंबडमधील एका वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आलेली थार नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे तिच्यात फेरफार करून देणारी माणसेही या शहरात सहज सापडतात. गाडी दोन इंच उचलून देणारे तर हवे तेवढे आहेत. परंतु उचलल्यानंतर पुढच्या सस्पेन्शनच्या कोनांचे काय होते, असे विचारले की त्यांपैकी बहुतेकजण ‘अलाइनमेंट मारून घ्या’ एवढ्यावर विषय संपवतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपच्या रांगेत असलेले एक छोटे वर्कशॉप मात्र लिफ्ट केलेल्या गाड्यांसाठी पुढच्या चाकाला वरच्या बाजूने धरून ठेवणारे आर्म, म्हणजे अप्पर आर्म, स्वतः बनवून बसवून देते. त्यांच्याकडून करून घेतलेल्या जोडीवर एक पावसाळा आणि बराच महामार्ग पार पडल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि वर्कशॉप अगदीच दोन-तीन माणसांचे आहे, म्हणून नाव दिलेले नाही.

गाडी डिझेल, चार चाकी ड्राइव्हची असून लिफ्ट आधीच दुसरीकडे केलेली होती. पुढे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती), मागे लांब स्प्रिंग आणि २६५/७० आर १७ मापाचे टायर, असे ते काम होते. हर्सूल-जव्हारच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर आणि वैतरणेच्या परिसरातल्या चिखलात गाडीची वागणूक सुधारली, पण डांबरावर ती बिघडली. समृद्धी महामार्गावर इगतपुरीहून भरवीरकडे जाताना शंभरच्या पुढे गाडी सरळ रेषेत ठेवण्यासाठी स्टिअरिंगला सतत बारीक दुरुस्त्या द्याव्या लागत, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ती हलकेच बाजूला ओढली जाई. कसारा घाटातल्या वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नसे. शिवाय पुढचे चाक खड्ड्यात पूर्ण लटकले की वरच्या बाजूने ‘टक्’ असा कोरडा, धातूवर धातू आपटल्याचा आवाज येई. या तिन्ही लक्षणांचे मूळ लिफ्टमध्येच आहे, आणि ते नीट कळल्याशिवाय या वर्कशॉपच्या कामाची किंमत कळणार नाही.

थारच्या पुढच्या बाजूला डबल विशबोन रचना आहे. खालचा आर्म लांब, वरचा आखूड आणि दोघांच्या टोकांना बॉल जॉइंटने, म्हणजे सगळीकडे वळणाऱ्या गोल सांध्याने, जोडलेले नकल, ज्यावर चाक बसते. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्रच खालच्या आर्मवर उभे असतात. ते आर्मच्या टोकाशी नसून आतल्या बाजूला असल्याने वर टाकलेल्या एक इंची स्पेसरमुळे चाकापाशी गाडी दीड ते दोन इंच वर उठते. हे ऐकायला स्वस्तात मिळालेल्या फायद्यासारखे वाटते. मात्र स्पेसरने नुसती गाडी उभी राहण्याची उंची बदलत नाही, तर शॉकअपची एकूण लांबीच वाढल्यासारखी होते, आणि चाक मूळ मर्यादेपेक्षा जास्त खाली लटकू लागते. निर्मात्याने वरच्या बॉल जॉइंटला जेवढा कोन दिलेला असतो तो तिथे संपतो. जॉइंटची दांडी घराच्या काठावर टेकते आणि प्रत्येक लटकण्यात ती तरफेसारखी उचकली जाते. ‘टक्’ आवाज तोच होता. लांब स्प्रिंगने किंवा जास्त प्रीलोडने (स्प्रिंग आधीच जास्त दाबून) केलेल्या लिफ्टमध्ये शॉकअपची लांबी तीच राहत असल्याने हा त्रास बराच कमी असतो. लिफ्ट अजून करायची असेल त्यांनी हा फरक दुकानदाराला आधीच विचारावा.

स्टिअरिंगच्या तक्रारीचे कारण कॅस्टर, म्हणजे दोन्ही बॉल जॉइंटना जोडणाऱ्या रेषेचा मागे झुकलेला कोन, हे आहे. वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागे असेल तर चाक आपणहून सरळ होऊ पाहते. वरच्या आर्मचा पिव्हट, म्हणजे तो ज्याभोवती वरखाली फिरतो तो अक्ष, बहुतेक गाड्यांत किंचित तिरका ठेवलेला असतो, त्यामुळे गाडी उचलून आर्म खाली झुकला की वरचा जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर घटतो. सोबत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, हाही हलतो. तो कोणत्या बाजूला हलेल हे आर्मच्या मूळ कोनावर अवलंबून असते. मोठे, जड टायर त्यात भर घालतात. अलाइनमेंटवाला टो, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत तो कोन, नेमका करून देतो, पण हरवलेला कॅस्टर मूळ आर्मवर परत आणायला त्याच्याकडे पुरेशी जागाच उरलेली नसते. यावर उपाय म्हणजे बॉल जॉइंट योग्य तेवढा मागे ठेवलेला आणि जॉइंटचे घर नव्या उंचीच्या कोनात बसवलेला वेगळा अप्पर आर्म.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण लिफ्टच्या जाहिरातींत ती कधी दिसत नाही. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. त्याच्या डिफरन्शियलखालची (मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) उंची लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरच्या त्रिज्येने. मूळ २५५/६५ आर १८ आणि आता बसवलेला २६५/७० आर १७ यांच्या त्रिज्येत हिशेबाने जेमतेम सात मिलिमीटरचा फरक पडतो.

आता वर्कशॉपच्या कामाकडे येतो. या कामासाठी शहरात दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे बाहेरून आलेली तयार जोडी घ्या. ती महाग पडते आणि जॉइंट गेला तर सुट्या भागासाठी पुन्हा तिकडेच पाहावे लागते. दुसरा सल्ला म्हणजे मूळ आर्म कापून, सरकवून, वेल्डिंग करून घ्या. हा दुसरा सल्ला या वर्कशॉपने पहिल्याच भेटीत मोडीत काढला. मूळ आर्मचा धातू, त्याच्यावरची उष्णता-प्रक्रिया आणि पत्र्याची जाडी माहीत नसताना त्याला कापून जोडणे त्यांना मान्य नाही. खालच्या आर्मलाही एक जादा गसेट (मजबुतीची पट्टी) मारून द्याल का, असे विचारल्यावर वर्कशॉपच्या मालकांचे उत्तर असे होते : “साहेब, खालच्या आर्मला मी वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावणार नाही. गाडीचं सगळं वजन त्याच्यावर उभं आहे. वरचा आर्म मी नवीन बनवून देतो, जबाबदारीने देतो.” हा भेद अचूक आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्याने गाडीचा भार तिथून जातो. वरच्या आर्मवर मुख्यतः वळणातले आडवे बल आणि ब्रेक दाबल्यावर त्याला पुढे ढकलणारे बल येते. ही बले कमी नाहीत आणि वरचा आर्म तुटला तर चाक जागेवर राहत नाही, तरीही मोजमाप करून, योग्य ट्यूब घेऊन तो नव्याने बनवणे एका चांगल्या मशीन शॉपच्या आवाक्यातले आहे. गिऱ्हाइकाने मागितलेले काम नाकारणारे वर्कशॉप पाहून माझा त्यांच्यावर निम्मा विश्वास तिथेच बसला.

आर्मसाठी त्यांनी कोल्ड-ड्रॉन सीमलेस ट्यूब वापरली. तिचा बाहेरचा व्यास सव्वा इंच असून भिंतीची जाडी पाच मिलिमीटरच्या जवळपास आहे. बुशची (आर्म चॅसिसला जिथे जोडतो तिथल्या लवचीक नळ्यांची) दोन्ही घरे आणि बॉल जॉइंटचे घर लेथवर काढलेले आहे. जाड प्लेटवर पिना ठोकून बनवलेल्या जिगमध्ये हे सर्व तुकडे आवळून टिग वेल्डिंगने जोडतात आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय जिगमधून काढत नाहीत. डाव्या आणि उजव्या आर्मसाठी तीच जिग उलटी वापरली जाते, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा निघतात. हे महत्त्वाचे यासाठी की दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये लक्षणीय फरक राहिला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढत राहते, आणि मग टो कितीही नीट केला तरी उपयोग होत नाही.

बॉल जॉइंटच्या निवडीवर मात्र थोडी चर्चा झाली. बाहेरच्या अनेक तयार आर्ममध्ये रबरी बूट नसलेले उघडे गोलाकार बेअरिंग असते. त्याला कोन भरपूर मिळतो आणि ते दिसायलाही देखणे असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीसाठी ते निरुपयोगी आहे, या मताचा मी आहे. लाल चिखलाचा बारीक गाळ त्यात शिरला की एका पावसाळ्यात बेअरिंग खडखडू लागते. वर्कशॉपनेही बंद, ग्रीस भरता येणारा, जास्त कोनाचा जॉइंटच सुचवला आणि तो दाबून बसवून वर सर्कलिप, म्हणजे तो निसटू न देणारी स्प्रिंगची कडी, लावली. यातला खरा नाजूक भाग म्हणजे जॉइंटच्या दांडीचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा. तो नकलमधल्या छिद्राच्या टेपरशी तंतोतंत जुळला नाही, तर दांडी पूर्ण पृष्ठभागावर न बसता फक्त एका काठावर बसते, नट कितीही आवळला तरी आत बारीक हालत राहते आणि शेवटी तिथूनच तुटते. मालकांनी दांडीवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावला, ती नकलमध्ये घालून अर्धा फेरा फिरवली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. वरच्या टोकाशी नखाएवढा भाग सोडला तर निळा रंग सगळीकडे सारखा पुसला गेला होता. टूलरूममध्ये रोज होणारी ही ब्लू मॅचिंगची साधी तपासणी गाड्यांच्या गॅरेजमध्ये मी पूर्वी पाहिलेली नव्हती, आणि अंबडमध्ये काम करून घेण्याचा फायदा तो हाच. नट बसल्यावर स्प्लिट पिन नवी घातली गेली, जुनी वाकडी करून पुन्हा वापरली नाही.

बुशच्या बाबतीत त्यांनी पॉलियुरेथेन आणि रबर असे दोन्ही पर्याय दिले होते. पॉलियुरेथेन टणक असतो, स्टिअरिंगला धार येते, पण वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास तो कुरकुरतो आणि खडबडीत रस्त्याचे हादरे केबिनमध्ये पोहोचवतो. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी मी रबर निवडले. रबरी बुश बसवताना एक पथ्य पाळावे लागते आणि कित्येक ठिकाणी ते पाळले जात नाही. या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. ते घसरत नाही, पिळले जाते. गाडी उचलण्याच्या यंत्रावर, चाके लटकलेली असताना पिव्हटचे बोल्ट आवळले, तर तीच स्थिती रबराला मूळ स्थिती वाटते आणि गाडी खाली उतरवताच ते कायमचे पिळलेले राहते. असे बुश काही महिन्यांतच फाटतात. इथे बोल्ट आधी फक्त हाताने घट्ट केले, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा बॉनेट दाबून सस्पेन्शन स्थिर केले आणि मग खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. जागा अडचणीची असल्याने या कामाला अर्धा तास जास्त लागला, तरी त्यांनी घाई केली नाही.

आर्म पक्के आवळण्याआधी त्यांनी एका बाजूची स्प्रिंग काढून, नकलखाली जॅक लावून चाक पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हळूहळू हलवले आणि प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिले. नवा आर्म आणि स्प्रिंगची जागा यांच्यातली फट, ब्रेकच्या रबरी होजचा ताण आणि ए.बी.एस.ची वायर यांची तपासणी त्यात झाली. होज पूर्ण लटकलेल्या स्थितीत ताणला जात होता; त्याची क्लिप एका छोट्या पट्टीने खाली घेतली. ड्राइव्हशाफ्टचा कोन मात्र आर्मने सुधारत नाही. पुढचे डिफरन्शियल चॅसिसला बांधलेले असल्याने गाडी उचलली की तेही वर जाते, चाक खाली राहते आणि सी.व्ही. जॉइंट (ड्राइव्हशाफ्टचा वाकून फिरणारा सांधा) जास्त वाकून फिरतो. त्याचे रबरी बूट महिन्याला एकदा तपासा, घडीत चीर दिसली किंवा आजूबाजूला ग्रीस उडालेले दिसले तर लगेच बदला, असा सल्ला त्यांनी दिला. आहे त्याहून अधिक लिफ्ट करू नका, हेही स्पष्ट सांगितले.

अलाइनमेंट त्यांच्याकडे होत नाही. त्यांनी ज्या केंद्रात पाठवले तिथे चाक दोन्ही बाजूंना फिरवून कॅस्टर प्रत्यक्ष मोजणारे यंत्र आहे. आधी-नंतरच्या दोन्ही छापील कागदांवरून दिसते की लिफ्टनंतर गेलेला कॅस्टर, जो दोन अंशांच्या जवळपास होता, तो परत आला आणि वर सुमारे अर्धा अंश जास्त मिळाला. दोन्ही बाजूंतला फरक अर्ध्या अंशाच्या आत राहिला. वरचा जॉइंट मागे घेतल्याने चाकही किंचित मागे सरकते, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण फिरवून रिव्हर्स घेताना टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला पुसटसा घासतो. लायनर थोडे गरम करून आत दाबल्यावर तो प्रश्न मिटला.

रस्त्यावरचा फरक पहिल्या उड्डाणपुलापासूनच जाणवला. स्टिअरिंग मध्याजवळ जड झाले आहे आणि वळणातून बाहेर पडताना हात सैल सोडले तर ते सावकाश परत येते. समृद्धीवर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. लिफ्ट केलेली, मोठ्या टायरची गाडी त्या वेगाने चालवावी असे मला वाटत नाही, पण शंभरच्या आसपास आता ती एका हाताच्या हलक्या पकडीत सरळ जाते. पार्किंगमध्ये स्टिअरिंगला पूर्वीपेक्षा थोडा जास्त जोर लागतो. ‘टक्’ आवाज पूर्ण बंद झाला आहे. वाघेऱ्याच्या बाजूला एका ओहोळात पुढचे चाक पूर्ण लटकवून मुद्दाम ऐकले, तेव्हा स्प्रिंगच्या हालचालीखेरीज काही ऐकू आले नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे वेळ. दिलेली तारीख पाळली गेली नाही आणि ‘उद्या नक्की’ हे शब्द इतक्या वेळा ऐकले की शेवटी फोन न करता तिथे जाऊन बसावे लागले. दुसरी तक्रार तपासणीची. वेल्डिंगला लाल रंग आणि पांढरी पावडर वापरून होणारी चिरांची तपासणी ते करतात, पण जोडीतल्या एकाच आर्मची. दुसऱ्याची करून घेण्यासाठी मला अडून बसावे लागले. चाक धरून ठेवणाऱ्या भागात ही काटकसर चालणार नाही. त्याचे वेगळे पैसे लावले तरी हरकत नाही. तिसरी तक्रार पावडर कोटिंगची. एका पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडांवरून त्याचे पोपडे निघाले आणि खाली गंजाची तांबूस रेघ दिसू लागली. तेवढा भाग त्यांनी घासून झिंक प्रायमर मारून दिला, पण हे आधीच व्हायला हवे होते. चौथी बाब लहान आहे, परंतु रोजच्या वापरातली आहे : बॉल जॉइंटचे ग्रीस निपल स्प्रिंगच्या दिशेला तोंड करून बसवले होते, त्यामुळे चाक काढल्याशिवाय ग्रीस गनचे तोंड तिथे पोहोचत नसे. तक्रार केल्यावर त्यांनी वाकडे निपल लावले. सगळ्यांत मोठी तक्रार कागदांची आहे. आर्मची मापे, ट्यूबची प्रत, जॉइंटचा भाग क्रमांक यांतले काहीही लेखी मिळाले नाही. उद्या हे वर्कशॉप बंद झाले किंवा गाडी दुसऱ्या गावी गेली तर नवा जॉइंट कोणता घ्यायचा, हे सांगणारा कागद गाडीमालकाकडे असलाच पाहिजे. मी तो क्रमांक जॉइंट बसण्याआधी फोटो काढून ठेवला. ज्यांना काम करून घ्यायचे आहे त्यांनीही तेवढे जरूर करावे.

कायद्याची बाजू वर्कशॉपने स्वतःहून सांगितली नाही, म्हणून इथे नोंदवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लिफ्ट, टायर आणि आर्म यांविषयी आर.टी.ओ.कडे आधी विचारणा करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे श्रेयस्कर. अपघातानंतर सर्व्हेअरने खाली वाकून पाहिले की हा विषय निघतोच. निर्मात्याची वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शन आणि ड्राइव्हशाफ्टसंबंधीचा दावा नाकारला जाण्याची तयारीही ठेवावी. मूळ आर्म बुशसकट गुंडाळून परत दिले गेले, ही गोष्ट या दृष्टीने उपयोगाची आहे. मूळ स्थितीत गाडी एका दिवसात आणता येते.

जोडीचे एकवीस हजार रुपये झाले. बसवण्याची मजुरी आणि अलाइनमेंट वेगळे. फक्त शहरात फिरणाऱ्या, दिसण्यासाठी उचललेल्या गाडीला या खर्चाची गरज नाही. तिथे स्पेसर काढून टाकणे हा अधिक स्वस्त आणि अधिक योग्य उपाय आहे. ज्यांची गाडी महामार्ग आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे नेमाने जाते आणि लिफ्ट दोन इंचांच्या आत आहे, त्यांनी या प्रकारच्या कामाचा विचार जरूर करावा. मात्र दोन्ही आर्मची चिरांची तपासणी आणि भाग क्रमांकाचा कागद या दोन अटी आगाऊ रक्कम देण्याआधीच घालाव्यात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून टो पाहून घ्यावा. ते बोल्ट आवळण्याचे पैसे वर्कशॉप घेत नाही. मे महिन्यात पावसाळी भटकंतीची तयारी करणाऱ्यांची तिथे रांग लागते, त्यामुळे दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामासाठी सोयीचे आहेत.